गोडलिंबाची जुडी आणि संत्र्याची बाग

आमच्या थोरल्या भगिनी मागील वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस गेल्या. पांढुर्ण्याहून निघताना त्यांच्या सामानात डिंकाचे लाडू होते, मेतकूट होते, काळा मसाला होता आणि परसातल्या झाडाची गोडलिंबाची एक ओली जुडी होती. (पुण्यामुंबईकडे ज्याला कढीलिंब किंवा कढीपत्ता म्हणतात, त्यालाच आमच्याकडे गोडलिंब म्हणतात.) लाडू सुखरूप पोहोचले. जुडी मात्र तेथील विमानतळावर काढून घेण्यात आली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या पिंपात गेली. परत आल्यावर त्यांनी ही हकिकत आम्हांस सांगितली ती अर्थातच तक्रारीच्या सुरात. "त्या चार पानांनी त्यांचे काय घोडे मारले होते?" असा त्यांचा सवाल होता. आम्ही पडलो शिक्षक. कोणी प्रश्न विचारला की त्याचे उत्तर धुंडाळण्याची खोड. हे उत्तर धुंडाळता धुंडाळता आम्ही चाळीस वर्षे मागे, आमच्या वडिलांच्या तोडलेल्या संत्र्याच्या बागेपाशी जाऊन उभे राहू, असे मात्र वाटले नव्हते.

गोडलिंब, कामिनी, लिंबू, मोसंबी आणि संत्रे ही सारी एकाच कुळातली झाडे. ह्या कुळाच्या कोवळ्या पालवीवर सायला नावाचा तिळाएवढा किडा बसतो. बसतो तोही विशिष्ट ढबीने: डोके पानाला टेकलेले आणि मागचा भाग वर उचललेला. रस शोषून तो पालवी आकसवतो, हे त्याचे लहान पाप. मोठे पाप हे की, ग्रीनिंग नावाच्या रोगाचे जंतू तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. ह्या रोगाने पाने पिवळी-हिरवी ठिपकतात, फळे लहान, वाकडी व कडवट राहतात आणि झाड काही वर्षांत संपते. रोग जडल्यावर ते बरे करणारे खात्रीचे औषध नाही. हा सायला मूळचा आशियातला. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात तो १९९८ साली प्रथम सापडला आणि २००५ साली तेथे हा रोगही आढळला. संत्र्याच्या रसासाठी जगभर नावाजलेल्या त्या प्रांतातील संत्र्याचे उत्पादन पुढच्या वीस वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. तेव्हा आमच्या भगिनींच्या जुडीवर त्या अधिकाऱ्याने जी नजर टाकली, ती पानांवर नव्हे, पानांवरून येऊ शकणाऱ्या त्या तिळाएवढ्या पाहुण्यावर होती. हे ऐकून त्यांचा राग शांत झाला, असे म्हणवत नाही, पण "मग आपल्याकडे का नाही संपली सगळी संत्री?" हा त्यांचा पुढला प्रश्न पहिल्यापेक्षा खोल होता.

आमच्या भागाची वाचकांना थोडी ओळख करून देणे जरूर आहे. पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके १९५६ च्या प्रांतरचनेत मध्य प्रदेशात राहिले. पुढे छिंदवाडा जिल्ह्यातून निघून २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवून होणाऱ्या गोटमारीमुळे आमचे नाव वर्षातून एकदा वर्तमानपत्रांत येते. उरलेले वर्ष आम्ही संत्र्यावर जगतो. काटोल, नरखेड, वरूड, पांढुर्णा, सौसर हा सारा एकच पट्टा. माती तीच, भाषा तीच, बहारही तेच. आमच्या शाळेतली मुले वहीत 'संतरा' लिहितात आणि घरी 'संत्रं' खातात. प्रांतांची सीमा कागदावर असते. किड्यांना ती कोणी दाखविलेली नाही.

ह्या पट्ट्यात सायलाही आहे आणि ग्रीनिंगही आहे. परंतु आमच्या बालपणी ज्या शब्दाने घराघरांत धसका बसे तो शब्द होता 'कोळशी'. आम्ही सहावी-सातवीत असू, म्हणजे १९८० च्या आगेमागे. आमच्या वडिलांची दोन एकरांत सव्वादोनशे झाडे होती. एका पावसाळ्यात बागेच्या सखल कोपऱ्यातील झाडे कोणी चुलीवर धरल्यासारखी काळी दिसू लागली. बोट फिरवले की बोटाला काजळी लागे. पुढच्या बहारापर्यंत अर्धी बाग काळवंडली. फळेही काळी, व्यापारी बाग उक्ती घ्यायला येत, बांधावरूनच मान हलवीत आणि निघून जात. वडिलांनी कर्ज काढून औषध आणले. पायपंपावर आमचे काका उभे राहत, वडील नळी धरीत आणि आम्ही बादलीने पाणी पुरवीत असू. औषध मारले की पंधरा दिवस बाग निवळल्यासारखी वाटे. नंतर कोळशी पूर्वीपेक्षा जोराने येई. तेव्हा अधिक कडक औषध येई. तीन वर्षे हा क्रम चालला. चौथ्या वर्षी वडिलांनी कुऱ्हाडवाले बोलावले. त्या दिवशी ते स्वतः शेतावर गेले नाहीत. संत्र्याचे लाकूड चांगले जळते, हे आम्हांस त्या हिवाळ्यात कळले. आई मात्र ते चुलीत घालताना काही बोलत नसे.

वडिलांचे काय चुकले, हा प्रश्न त्या वेळी आम्हांस पडला नाही. चुकले असे म्हणण्याइतके ज्ञान गावात कोणाजवळ नव्हते. आज जे समजते ते असे.

कोळशी हा झाडाचा रोग नव्हे. काळी माशी नावाच्या एका किड्याचा तो मागमूस आहे. हा किडा म्हणजे निळसर-राखी पंखांची, टाचणीच्या डोक्याएवढी माशी. ती कोवळ्या पानाच्या खालच्या अंगाला चक्राकार ओळीत अंडी घालते. एकेका चक्रात साधारण तीस ते पन्नास. अंड्यांतून निघालेली पिल्ले थोडी सरकतात आणि मग एका जागी सोंड रोवून कायमची बसतात. ती काळी, काटेरी, आणि मोठी झाली म्हणजे कडेला पांढऱ्या मेणाची झालर असलेली दिसतात. रस पिऊन ती गोड चिकटा टाकतात. हा चिकटा खालच्या पानांवर व फळांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पानाला ऊन मिळेनासे होते. म्हणजे आमचे वडील ज्या काजळीवर औषध मारीत होते ती काजळी हा धूर होता. आग पानाच्या खाली, वरच्या फांदीवर होती.

आता ह्या माशीची परदेशवारी ऐका. १९१३ साली ती वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर दिसली. तेथून क्यूबा, मध्य अमेरिका आणि १९३५ साली मेक्सिको असा तिचा प्रवास झाला. तिचे शास्त्रीय नाव 'ॲल्युरोकँथस वोग्लमी'. ह्यातला 'वोग्लम' हा अमेरिकेच्या कृषिखात्याचा एक कीटकशास्त्रज्ञ. संत्र्यावरच्या पांढऱ्या माशीचे नैसर्गिक शत्रू शोधण्यासाठी तो १९१० साली हिंदुस्थानात आला होता. लाहोरला त्याला ते सापडले. पण तो ते घेऊन फ्लॉरिडास पोहोचला तेव्हा तेथे हिवाळा होता, त्या शत्रूंना खायला योग्य वयाची पिल्लेच झाडांवर नव्हती आणि ते बिचारे मेले. शाळेत नापास झालेल्या मुलाविषयी आम्हांस जे वाटते, तेच ह्या वोग्लमविषयी वाटते: अभ्यास बरोबर होता, परीक्षेचा दिवस चुकला.

पुढच्यांनी मात्र ती वाट सोडली नाही. १९३० साली मलायातून एक सूक्ष्म गांधीलमाशी क्यूबात नेण्यात आली. ती काळ्या माशीच्या पिल्लात आपले अंडे घालते आणि तिची अळी त्या पिल्लाला आतून खाऊन टाकते. क्यूबातील बागा वाचल्या. तीच गांधीलमाशी मेक्सिकोत नेली, तर तेथल्या कोरड्या हवेत ती टिकेना. तेव्हा १९४९-५० च्या सुमारास अमेरिकी शास्त्रज्ञ पुन्हा ह्याच भूमीत आले आणि भारत-पाकिस्तानातील बागांतून ह्या माशीच्या दुसऱ्या काही सूक्ष्म वैरिणी गोळा करून मेक्सिकोस घेऊन गेले. पोटात ह्या गांधीलमाश्या वाढत असलेली पिल्ले ज्या पानांवर होती, ती पाने माणसांकरवी एका बागेतून दुसऱ्या बागेत पोहोचविण्यात आली. काही वर्षांत तेथील प्रकोप ओसरला. १९७६ साली फ्लॉरिडात ही माशी पुन्हा निघाली, तेव्हा मेक्सिकोत रुळलेल्या ह्याच वैरिणींनी तिला आवरले. सायलाचेही तसेच. पंजाबातल्या बागांत सायलाची पिल्ले खाणारी एक गांधीलमाशी आहे. १९७८ साली ती हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावर भारतातून नेली गेली आणि २०११ साली पाकिस्तानी पंजाबातून कॅलिफोर्नियास.

ज्या वर्षांत आमच्या वडिलांच्या बागेवर कुऱ्हाड चालली, त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडच्या गांधीलमाश्या मेक्सिकोच्या बागा राखीत होत्या. हे प्रथम वाचले त्या रात्री आम्हांस बराच वेळ झोप आली नाही.

म्हणजे भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. परक्या देशी किडा एकटा जातो, त्याचे वैरी मागे राहतात. म्हणून तेथे तो माजतो. आपल्याकडे वैरी आहेत म्हणून तो सहसा मर्यादेत राहतो. मग आमच्या बागेत तो का माजला? कारण वैरी आम्हीच मारले. पायपंपातून निघणारे औषध काळ्या माशीच्या मेणचट, पानाखाली दडलेल्या पिल्लांपर्यंत पोहोचो न पोहोचो, उघड्यावर हिंडणाऱ्या गांधीलमाश्या, ढालकिडे आणि हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपाचा ते पहिल्या फटक्यात निकाल लावते. औषधानंतर कोळशी जोराने येई त्याचे रहस्य हे. शिवाय झाडे दाट लावलेली, कोपरा सखल, पाणी साचणारा, वर युरियाची सढळ मात्रा. अशा सावलीतल्या लुसलुशीत पालवीवर काळी माशी हटकून येते. आणि चिकट्यासाठी झाडावर चढणारे मुंगळे आपल्या ह्या गायीगुरांचे राखण करतात व वैऱ्यांना हुसकावतात, ते वेगळेच.

बाहेरून येणाऱ्या किड्यांची धास्ती आपल्यालाही आहेच. ऑस्ट्रेलियातील कापशी खवलेकीड १८६८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात शिरली आणि वीस वर्षांत तेथील संत्र्याचा धंदा बुडण्याच्या बेतात आला. १८८८ साली ऑस्ट्रेलियातूनच आणलेल्या लाल-काळ्या ढालकिड्याने तो वाचवला. तीच कीड १९२८ साली आपल्या निलगिरी पर्वतात उतरली आणि त्याच ढालकिड्याला येथेही बोलवावे लागले. अलीकडचे उदाहरण पपईवरील पिठ्या ढेकणाचे. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा हा किडा २००८ साली कोइमतूरला आढळला, पपई, तुती, टॅपिओका ह्यांवर पसरला, पुण्याकडेही पोहोचला. २०१० साली बंगळूरच्या कीटकसंस्थेने पोर्टो रिकोतून त्याच्या वैरी गांधीलमाश्या मागवून सोडल्या, तेव्हा तो हटला. ह्या किड्यांना पंख असोत वा नसोत, दूरचा प्रवास ते आपल्याच हातांनी करतात: रोपाच्या कुंडीतून, कलमाच्या मोळीतून, फळांच्या पेटीतून. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांच्या अंगणात लिंबाचे किंवा गोडलिंबाचे झाड असणारच. गावाकडून रोप नेताना त्याची पाने उलटी करून पाहा, इतकेच आमचे म्हणणे. बिया नेऊन रोप करता आले तर अधिक चांगले.

हे सारे लिहिण्याचे निमित्त घरचेच आहे. वडिलांच्या त्याच जमिनीवर आमच्या धाकट्या बंधूंनी पुन्हा संत्रा लावला आहे. काही मेलेल्या झाडांच्या जागी तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका रोपवाटिकेतून (तिचे नाव घेण्याचे कारण नाही) जंबेरीवर बांधलेली कलमे आणली. दर स्वस्त होता. कलमे उतरवताना पानांच्या खाली काळे ठिपके होते, हे त्यांना नंतर आठवले. मागल्या पावसाळ्यात त्याच ओळींतून कोळशी निघाली. बंधू संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "दादा, बाबांच्या वेळचं परत आलं." त्यांचा चेहरा पाहून आम्हांस पुढे काही विचारवेना.

नागपूरला अमरावती मार्गावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. १९८५ साली ती राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झाली. आमच्या वडिलांना ती चार-पाच वर्षे उशिराच लाभली असती. तेथील सल्ल्याचा आणि आमच्या वाचनाचा मेळ घालून आम्ही दोघांनी जे केले ते सांगतो. दाट सावलीतल्या फांद्या व खोडावरचे पानसोट काढून बाग मोकळी केली. सखल कोपऱ्यात चर खणून साचलेले पाणी काढले. युरिया थांबवून शेणखत दिले. फवारणी केली ती निंबोळी तेलाची, दहा लिटर पाण्यात शंभर मिलिलिटर व थोडी साबणाची भुकटी, आणि तीही पानांच्या खालच्या अंगास. मुख्य गोष्ट वेळेची. काळी माशी आंबिया, मृग व हस्त अशा तिन्ही बहारांच्या नव्या पालवीवर अंडी घालते. त्यांतील निम्मी उबली असतील तेव्हाच फवारा लागू पडतो. तेव्हा पिल्ले कोवळी असतात. मागाहून ती कवचात जातात. वोग्लमला जे भोवले ते आम्हांस भोवू नये म्हणून आम्ही शाळेतून एक भिंग नेले आणि दर दोन दिवसांनी पाने पाहिली. पाने-फळांवरच्या काजळीवर स्टार्चची पातळ खळ फवारली; वाळली की काजळीसकट पापुद्रा सुटून येतो. मुंगळे चढू नयेत म्हणून बुंध्याला चिकट पट्टा बांधला.

झाडे पाहता पाहता जुन्या झाडांच्या फांद्यांच्या बेचक्यांत भुश्याची व विष्ठेची जाळीही दिसली. ही साल खाणारी अळी; दुर्लक्षित बागेतली जुनी भाडेकरू. दिवसा ती भोकात राहते, रात्री बाहेर येऊन साल खाते. जाळी खरडून, भोकात तार घालून आणि मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कोंबून वर चिखलाने लिंपले. आंबा, पेरू, बोर, शेवगा ह्यांवरही हीच अळी असते आणि उपायही हाच आहे; घरच्या एखाद्या झाडासाठी तो कोणासही जमेल.

बंधूंचा धीर मात्र मध्येच सुटला. आम्ही परीक्षेच्या कामात होतो तेवढ्यात त्यांनी दोन ओळींवर कडक औषध मारलेच. आम्ही रागावलो नाही. वर्षाचे उत्पन्न ज्याच्या डोळ्यांसमोर काळे पडते आहे त्याला धीर धर म्हणणे सोपे. पगारदार माणसाने तर ते फार बोलूच नये. त्या दोन ओळी लगेच स्वच्छ झाल्या आणि पुढच्या पालवीवर सर्वांत आधी काळ्या झाल्या त्याही त्याच. बाकीच्या ओळी पूर्ण निवळल्या असेही नाही. ह्या वर्षी आंबियाची फळे निम्म्यावर आली आणि त्यांतही डागी माल बराच निघाला. सात झाडे काढावी लागली.

गेल्या रविवारी आम्ही भिंग घेऊन पुन्हा गेलो. काळी माशी कोषातून बाहेर पडते तेव्हा पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर राहते. त्याच कोषातून गांधीलमाशी बाहेर पडली असेल तर तिने कोरलेले नीट गोल छिद्र दिसते. एवढे कळले की पानाचा हिशेब वाचता येतो. बंधूंच्या मुलीने सखल कोपऱ्यातले एक पान तोडून आणले आणि मोठ्याने मोजू लागली. सतरा कोष. त्यांपैकी सहांवर गोल छिद्र होते. बंधूंनी पान तिच्या हातातून घेतले, स्वतः मोजले आणि बराच वेळ उन्हात धरून पाहिले. मग औषधाचा पंप त्यांनी गोठ्यातल्या खुंटीला टांगला आणि मृगाच्या पालवीनंतर त्याच झाडाची दहा पाने मोजायचे ठरले.